‘ब्रेन ड्रेन’ : गळती कुणाची, ऋण कुणाचं?

आजचं व्याख्यान एका पुस्तकावर आहे, आणि त्या पुस्तकाच्या निमित्ताने एका शब्दावर. पुस्तकाचं नाव ‘डिबेटिंग ब्रेन ड्रेन’. २०१५ साली ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. लेखक दोन आहेत, गिलियन ब्रॉक आणि मायकेल ब्लेक. दोघेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. वाचण्याजोगं पुस्तक आहे ते त्यामुळेच. एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने तिचा प्रतिवाद करायचा, आणि शेवटी दोघांनी एकमेकांना उत्तरं द्यायची. आपल्याकडे पूर्वपक्ष-उत्तरपक्ष म्हणतात तसाच हा प्रकार.

प्रश्न असा आहे : गरीब देशाच्या सरकारने आपल्या शिकलेल्या माणसांना, विशेषतः डॉक्टर आणि नर्सना, परदेशी जाण्यापासून अडवावं का? ब्रॉकबाई म्हणतात, काही अटींवर आणि थोड्या काळापुरतं, हो. ब्लेक म्हणतात, नाही. मी आधी दोघांचं म्हणणं सांगतो, आणि मग दोघांच्याही नजरेतून काय निसटतं ते सांगतो.

पण त्याआधी शब्द. आपल्याला वाटतं, ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द गरीब देशांच्या दुःखातून आला असेल. तसं नाही. १९६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या स्थलांतरावर अहवाल काढला आणि त्या चर्चेत हा शब्द वर्तमानपत्रांतून रूढ झाला. आमचे शास्त्रज्ञ अमेरिकेला चालले, आता ब्रिटनचं कसं होणार, ही ती काळजी. तेव्हाचे विज्ञानमंत्री लॉर्ड हेलशॅम यांनी तर अमेरिका दुसऱ्यांच्या मेंदूंवर बांडगुळासारखी जगते, अशा अर्थाचं सुनावलं होतं. आणि गंमत बघा, त्याच दशकात ब्रिटनची सरकारी रुग्णालयं भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांच्या भरवशावर चालत होती. आपले गेले की ती गळती, दुसऱ्यांचे आले की ती भरती!

आता ‘गळती’ म्हटलं की काय काय गृहीत धरलं जातं ते पाहा. एक भांडं आहे, म्हणजे देश. त्यात काहीतरी साठवलेलं आहे, म्हणजे बुद्धी. भांड्याला भोक पडलंय. मग उपाय काय, तर भोक बुजवा. या चित्रात माणूस कुठे आहे? पाणी कधी ‘मला जायचंय’ म्हणत नाही. आणि ज्याची तहान भागायची राहिली, तोसुद्धा या चित्रात नाही. म्हणजे जाणारा माणूसही दिसत नाही आणि मागे राहिलेलाही दिसत नाही. दिसतं फक्त भांडं.

शिवाय कौशल्य काही पाण्यासारखं साठून राहत नाही. शस्त्रक्रिया शिकलेला सर्जन अशा ठिकाणी नेमला, जिथे भूल देणारा डॉक्टर नाही, रक्तपेढी नाही, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तर पाच वर्षांत त्याचा हात बसतो तो रजेचे अर्ज आणि रेफरची चिठ्ठी लिहिण्यात. तो कुठेही गेलेला नाही, तरी त्याचं कौशल्य गेलेलं आहे. लोक जातात का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. पगार हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काम करण्याजोगी जागा, पुढे शिकण्याची सोय, वरिष्ठांची मर्जी सांभाळावी न लागता मिळणारी बढती, मुलांची शाळा, रात्री ड्यूटीवर असताना जमावाच्या हातून मार न खाण्याची खात्री, ही कारणंही तितकीच खरी आहेत.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय ही चर्चा भावनेच्या भरात वाहवत जाते. दिल्लीच्या ‘एम्स’मधून १९८९ ते २००० या काळात पदवी घेतलेल्यांचा एक अभ्यास २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यांच्यापैकी जवळपास ५४ टक्के परदेशात होते. निम्म्याहून जास्त! आणि ही संस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. खुल्या प्रवर्गातून आलेल्यांचं परदेशी असण्याचं प्रमाण राखीव जागांवरून आलेल्यांच्या दुप्पट होतं. राखीव जागांमुळे गुणवत्ता देश सोडून जाते, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा शांतपणे वाचावा. ज्यांच्यावर ‘जागा अडवली’ असा आरोप होतो, तेच जास्त प्रमाणात इथे राहिले.

आफ्रिकेकडे पाहा. २००० सालच्या सुमाराला आफ्रिकेत जन्मलेले सुमारे ६५ हजार डॉक्टर आणि ७० हजार नर्स श्रीमंत देशांत काम करत होते. म्हणजे डॉक्टरांतला साधारण पाचवा हिस्सा आणि नर्समधला दहावा. आधीच जिथे हजारो माणसांमागे एक डॉक्टर, तिथे हा पाचवा हिस्सा किती जड जात असेल!

ब्रॉकबाई इथून सुरुवात करतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. गरीब देशाने तुटपुंज्या पैशातून तुम्हाला शिकवलं. ते पैसे कुणाच्या तरी वाट्याचे होते. तुम्ही गेलात की त्यांचं नुकसान होतं, आणि ते टाळण्याची जबाबदारी काही अंशी तुमच्यावरही येते. म्हणून सरकारला काही काळ सेवा मागता येईल, कर मागता येईल. मात्र अटी आहेत. सरकार लोकांच्या हिताचं काम करणारं हवं, विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच हे बंधन माहीत असायला हवं, आणि सेवेचा काळ मोजका हवा.

हा युक्तिवाद नवा आहे का? अजिबात नाही. प्लेटोचा ‘क्रिटो’ हा संवाद तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. सॉक्रेटिस तुरुंगात आहे. मित्र म्हणतो, पळून चल. सॉक्रेटिस कल्पना करतो की अथेन्सचे कायदेच समोर येऊन उभे राहिले आणि बोलू लागले. ते म्हणतात, तुझा जन्म, तुझं संगोपन, तुझं शिक्षण आमच्यामुळे झालं. तू आमचं देणं लागतोस. ब्रॉकबाईंचा मुद्दा तो हाच. पण तेच कायदे त्याच भाषणात दुसरीही गोष्ट सांगतात. ज्या अथेन्सकराला आम्ही पसंत नाही, त्याने आपली चीजवस्तू घेऊन खुशाल दुसरीकडे जावं, आम्ही आडकाठी करणार नाही. म्हणजे ऋणही आहे आणि दारही उघडं आहे. किंबहुना दार उघडं आहे म्हणूनच राहणाऱ्याच्या राहण्याला काही अर्थ आहे. कोंडून ठेवलेल्या माणसाची निष्ठा ही निष्ठाच नव्हे.

ब्लेक यांचा सगळा भर या दुसऱ्या वाक्यावर आहे. मला एका देशाशी असलेलं नातं संपवून दुसरीकडे आयुष्य उभं करायचं असेल, तर ते नातं टिकवण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. माझं कौशल्य लोकांना उपयोगी आहे म्हणून मी लोकांच्या मालकीचा होत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १३ वं कलम हेच सांगतं : कोणताही देश सोडण्याचा हक्क, स्वतःचा देशसुद्धा, आणि परत येण्याचाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली सतवंत सिंग खटल्यात आणि पुढे १९७८ साली मेनका गांधी खटल्यात परदेशप्रवासाचा हक्क २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. ब्लेक यांच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. १९७२ साली सोव्हिएत सरकारने देश सोडू पाहणाऱ्यांवर ‘पदवी-कर’ बसवला. शिक्षणाचा खर्च फेडा, मग जा. त्याचा फटका बसला तो मुख्यतः इस्रायलला निघालेल्या ज्यूंना. रक्कम इतकी की फेडणं अशक्य. ऋणाची भाषा वापरून तुरुंग बांधता येतो, हे तिथे दिसलं.

त्याच सुमाराला जगदीश भगवती यांनीही एक कर सुचवला होता. मुंबईत जन्मलेले, दिल्लीत शिकवलेले आणि मग स्वतः अमेरिकेत स्थिरावलेले हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा कर दारावर घ्यायचा नव्हता. माणूस जाऊ दे, तिथे कमवू दे, आणि त्या वाढीव कमाईतला थोडा भाग काही वर्षं मूळ देशांच्या विकासासाठी येऊ दे. सोव्हिएत कर जाण्याची किंमत मागत होता, भगवतींचा कर जाऊन झालेल्या लाभातला वाटा मागत होता. नैतिकदृष्ट्या या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. भगवतींची कल्पना अर्धशतक चर्चेत राहिली, अमलात आली नाही, कारण ज्या देशाने तो कर वसूल करून द्यायचा त्याला त्यात काहीच रस नव्हता.

तर हा वाद. आता माझी टीका.

या पुस्तकाचं उपशीर्षकच विचारतं : सरकारने देश सोडण्यावर बंधन घालावं का? म्हणजे सगळं लक्ष सरहद्दीवर. मी तुम्हाला एक साधा प्रयोग करायला सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली एक बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. तिला सिझेरियनची गरज आहे आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. तो तज्ज्ञ ह्यूस्टनला आहे की पुण्यात कोथरूडला, याने तिला काय फरक पडतो? काहीही नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे मार्च २०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांपैकी सुमारे ८० टक्के नव्हतेच. हे सगळे अमेरिकेला गेले का हो? बहुतेक जण इथेच आहेत, मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. पण गडचिरोलीहून पुण्याला गेलेल्याला आपण ‘गळती’ म्हणत नाही. उलट ‘पोरानं नाव काढलं’ म्हणतो.

हे असं का होतं? कारण ‘ब्रेन ड्रेन’ या शब्दाने नुकसान मोजायला राष्ट्र नावाचं भांडं दिलं. भांड्यातल्या भांड्यात पाणी हललं तर ते नुकसान दिसतच नाही. ब्रॉकबाई मागे राहिलेल्यांची बाजू मनापासून घेतात, पण उपाय शोधताना पुन्हा सरहद्दीपाशी येऊन उभ्या राहतात. ब्लेक जाणाऱ्याचं स्वातंत्र्य उत्तम राखतात, पण मागे राहिलेल्या बाळंतिणीचं देणं कुणी फेडायचं, याचं त्यांचं उत्तर मला अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं की नुकसान जिथे होतं तिथे उभं राहून मोजा. तिथून पाहिलं की प्रश्न ‘कोण गेलं’ हा राहत नाही. ‘इथे कुणी का नाही’ हा होतो.

यावर एक जोरदार आक्षेप येईल. काही जण म्हणतात, नुकसान कसलं, फायदाच आहे. बाहेर गेलेली माणसं पैसे पाठवतात. खरं आहे. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२ साली भारतात परदेशातून सुमारे १११ अब्ज डॉलर आले, जगात सर्वांत जास्त. केरळातल्या नर्सनी आखातातून आणि युरोपातून पाठवलेल्या पैशांनी कितीतरी घरं वर आणली. हा लाभ कमी लेखू नये. पण हा पैसा जातो कुटुंबाकडे, आणि डॉक्टर नसतो तो दवाखान्यात. एकाचा लाभ आणि दुसऱ्याचं नुकसान एका बेरजेत टाकून ‘एकंदरीत बरं चाललंय’ म्हणणं, हा हिशेब भांड्याचाच झाला. बाळंतिणीचा नव्हे.

दुसरा आक्षेप असा की जाण्याच्या आशेने जास्त लोक शिकतात, आणि त्यातले सगळेच काही जात नाहीत. फिलिपिन्समध्ये नर्सिंगची महाविद्यालयं अशीच वाढली. पण त्याच देशात २००० नंतरच्या काही वर्षांत हजारो डॉक्टर पुन्हा वर्गात बसून नर्स झाले, कारण परदेशी मागणी नर्सला होती. तेव्हा शिक्षण वाढलं हे खरं, पण ते कुणाच्या गरजेच्या मापाने शिवलं गेलं, हेही बघायला हवं.

आता ऋण. हा शब्द आपल्या परंपरेत फार जुना आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊन येतो असं वैदिक वाङ्मय सांगतं. शतपथ ब्राह्मणात त्यात मनुष्यऋणाचीही भर आहे. यातल्या ऋषिऋणाची गंमत लक्षात घ्या. ज्यांनी ज्ञान दिलं ते ऋषी काही परतफेड मागायला येत नाहीत. ते ऋण फिटतं अध्ययनाने, ज्ञान पुढे चालतं ठेवण्याने. म्हणजे घेतलं एकाकडून, फेडायचं दुसऱ्याला. शिक्षणाचं ऋण या जातीचं आहे. ते सरकारी तिजोरीत चलन भरून फिटत नाही.

आपण मात्र नेमकं चलनच मागत आलो. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवेचा बाँड असे, आणि नको असेल तर १० लाख रुपये भरून सुटका. परिणाम काय? ज्याच्या बापाकडे १० लाख आहेत तो भरतो आणि मोकळा होतो. ज्याच्याकडे नाहीत तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. ऋण सगळ्यांवर सारखं, फेड मात्र गरिबाच्या अंगमेहनतीने. शिवाय दंड ठेवला की कर्तव्याची किंमत ठरते. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले! आधी ओशाळं वाटायचं. आता पैसे भरलेत, मग ओशाळायचं कशाला? दंड काढून टाकला तरी ती जुनी लाज परत आली नाही. आपल्या बाँडचं काही वेगळं झालं असं मला वाटत नाही.

आणि ऋणाला दुसरी बाजूही असते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करार होता की परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. ते आले, १९१७ साली बडोद्यात रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि त्या लेखनाचं नाव काय, तर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. ज्याला स्वतःच्याच देशात प्रवेश मिळत नाही, त्याने कुठला व्हिसा मागायचा? मला विचाराल, तर इथे करार कुणी मोडला? नोकरीची अट घालणाऱ्या समाजाने माणसाला नोकरी करता येईल एवढी साधी प्रतिष्ठा दिली नाही. करार मोडला तो समाजाने. आणि आंबेडकरांनी ऋषिऋण कसं फेडलं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

म्हणून माझ्या मते देणेकरी एक नाही, तीन आहेत. पहिला, शिकलेला माणूस. त्याचं देणं खरं आहे, मग तो डॅलसला असो की डेक्कनला. त्याने ते वेळेने, शिकवण्याने, सोबतीने फेडावं. दुसरं, इथलं सरकार. ते जागा रिकाम्या ठेवतं, मंजूर पदं वर्षानुवर्षं भरत नाही, कंत्राटावर अर्ध्या पगारात माणसं राबवतं, आणि मग देशभक्तीची भाषा बोलतं. मलावीसारख्या अतिगरीब देशाने २००४ पासून, बाहेरच्या मदतीने का होईना, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घातली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या, आणि २००९ पर्यंत महत्त्वाच्या ११ वर्गांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली. पासपोर्ट न अडवता! तिसरे, घेणारे देश. पुरेसे डॉक्टर-नर्स स्वतः तयार न करता, दुसऱ्याच्या खर्चाने तयार झालेले उचलणं त्यांना स्वस्त पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यासाठी आचारसंहिता केली, २०२३ साली ५५ देशांची यादीही दिली, की इथून उत्साहाने भरती करू नका. पण संहिता ऐच्छिक आहे. ऐच्छिक ऋण म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्याच.

या तिघांतला सर्वांत दुबळा देणेकरी पहिला. त्याचा पासपोर्ट धरता येतो, म्हणून आपण त्यालाच धरतो. ब्रॉक आणि ब्लेक यांचा वादही शेवटी त्याच्याच मनगटाभोवती फिरतो. एक म्हणतं धरा, दुसरा म्हणतो सोडा. दुसऱ्या दोघांकडे पावती कुणी न्यायची?

मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांसाठी शिफारसपत्रं लिहिली, पुढेही लिहीन. जाणाऱ्या मुलाला अपराधी वाटायला लावणं शिक्षकाचं काम नाही. पण तुमच्यापैकी जे आज बाहेर बसून हे ऐकताहेत, आणि जे पुण्या-मुंबईत बसून ऐकताहेत, त्या दोघांनाही मला एकच विचारायचं आहे : तुम्ही ज्या जागेवर असायला हवे होतात, ती जागा कुठली, आणि आज तिथे कोण आहे? उत्तर ‘कुणी नाही’ असं असेल, तर ती जागा भरण्यासाठी तुम्हाला काय करता येईल? तुम्ही परत यावं असं माझं म्हणणं नाही. कदाचित तुम्ही तिथून शिकवू शकाल, कुणाला शिकवण्याचा खर्च उचलू शकाल, किंवा सरकारला ती रिकामी पदं जाहीरपणे विचारू शकाल. एवढं नक्की की हे उत्तर पासपोर्ट कार्यालयात मिळणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. ब्लेक यांच्या बाजूने कुणी बोलणार असेल, तर त्यांना आधी संधी.